क्रिएटिनिन वाढेपर्यंत थांबायचं का? मूत्रपिंड प्रत्यारोपण केंद्रांना खुलं पत्र

प्रति,
मूत्रपिंड प्रत्यारोपण केंद्रांचे प्रमुख, नेफ्रॉलॉजिस्टांच्या संघटनांचे पदाधिकारी आणि या क्षेत्रातल्या संशोधनाला निधी देणाऱ्या संस्था यांस

विषय : प्रत्यारोपित किडनीच्या देखरेखीत मेटाबोलोमिक्सकडे होत असलेलं दुर्लक्ष

महोदय, महोदया,

माझ्या पोटात उजव्या बाजूला माझ्या थोरल्या बहिणीची किडनी आहे आणि माझी नोकरी बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आहे. त्यामुळे किडनीचं काम जोखण्यासाठी रक्तात मोजतात त्या क्रिएटिनिन या एका आकड्याशी माझा दोन्ही बाजूंनी संबंध येतो. दिवसभर इतरांचं मोजायचं आणि ठरलेल्या तारखेला स्वतःचं मोजून घ्यायचं. देखरेख या एका आकड्यावर थांबू नये, हे म्हणणं मी आधी साध्या पत्राने कळवलं होतं. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता जाहीरपणे लिहिते आहे.

निमित्त असं घडलं. माझं प्रत्यारोपण जिथे झालं तिथे रुग्णांच्या लघवीचे आणि रक्ताचे नमुने जतन करण्याचा एक उपक्रम चालू होता. शरीरातल्या पेशींचं कामकाज चालताना जे शेकडो लहान रेणू तयार होतात, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं, शर्करा, न्यूक्लिओसाइड, ते सगळे एकदम मोजायचे आणि त्यांच्या एकत्रित चित्रावरून किडनीची अवस्था ओळखायची, हा त्यामागचा हेतू. मेटाबोलोमिक्स म्हणतात ते हेच. आम्ही रुग्णांनी संमतिपत्रावर सह्या केल्या, दर भेटीला नमुने दिले. मग एके दिवशी उपक्रम गुंडाळला गेला. फ्रीझरला जागा हवी होती, ‘नेहमीच्या तपासण्या पुरेशा आहेत’ असा शेरा पडला आणि नमुने नष्ट झाले. हे आम्हाला कुणी अधिकृतपणे सांगितलं नाही. मला कळलं ते केवळ त्या कामातली माणसं माझ्या ओळखीची होती म्हणून. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. मला भांडायचं आहे ते ‘पुरेशा आहेत’ या दोन शब्दांशी.

त्या कशा पुरत नाहीत ते आधी सांगते. आपल्याला यात नवं काही नाही, पण हे पत्र रुग्णही वाचणार आहेत.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधल्या क्रिएटिनचा टाकाऊ अवशेष. ते मोजण्याची जी पद्धत अजूनही कितीतरी लॅबमध्ये चालते ती माक्स याफे यांनी १८८६ साली नोंदवलेल्या अभिक्रियेवर उभी आहे. अल्कलीत पिक्रिक आम्ल मिसळून त्यात नमुना घातला की क्रिएटिनिनमुळे पिवळा द्राव नारिंगी होत जातो आणि त्या रंगाच्या वेगावरून आम्ही आकडा काढतो. कावीळ झालेल्या माणसाचा नमुना असला, साखर किंवा कीटोन फार वाढलेले असले तर रंग फसवतो. एन्झाइमची पद्धत त्याहून बरी, पण तीही मोजते क्रिएटिनिनच. आणि क्रिएटिनिन किती तयार होतं हे माणसाच्या स्नायूंवर ठरतं. डायलिसिसवर काढलेल्या काळात हातापायांच्या काड्या झालेल्या आणि वर स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णाचं क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं. त्याच्या रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ हा किडनीचा चांगुलपणा असेल, नाहीतर स्नायूंचा अभाव. आकडा ते सांगत नाही.

औषधांचंही तेच. प्रत्यारोपणानंतर फुप्फुसाचा संसर्ग होऊ नये म्हणून आपण आम्हाला को-ट्रायमॉक्साझोल देता. त्यातलं ट्रायमेथोप्रिम हे मूत्रनलिकांमधून होणारा क्रिएटिनिनचा निचरा अडवतं. गाळण जशीच्या तशी असते आणि आकडा मात्र चढतो. सिस्टॅटिन-सी हे किडनीतून गाळलं जाणारं दुसरं प्रथिन मोजा म्हणावं तर ते स्टेरॉइडने वाढतं आणि आमच्यातले बरेचजण तर स्टेरॉइडवरच असतात. प्रत्यारोपित रुग्णांच्याच माहितीवर बेतलेलं, वंशाचा निकष न लावणारं गाळणदराचं, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचं, एक सूत्र २०२३ साली प्रसिद्ध झालं. चांगलं झालं. पण त्याच्याही मुळाशी क्रिएटिनिनच.

सगळ्यात मोठी अडचण उशिराची. गाळणदर आणि क्रिएटिनिन यांचा आलेख सरळ रेषेत चालत नाही. सुरुवातीचं बरंच नुकसान होऊन जातं तरी आकडा फारसा हलत नाही. तो ठळकपणे वाढतो तोवर गाळण्याची क्षमता निम्म्यावर आलेली असू शकते. म्हणजे उपचार वरातीमागून घोडं होतात. माझ्याच बाबतीत रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२, म्हणजे नॉर्मल होतं, लघवीत प्रथिन नव्हतं, टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची पातळी ठरलेल्या मर्यादेत होती. केंद्राच्या रिवाजाप्रमाणे बायोप्सी झाली म्हणून आतलं रिजेक्शन, म्हणजे शरीराने परक्या किडनीवर चढवलेला हल्ला, सापडलं आणि शिरेतून स्टेरॉइड देऊन ते आटोक्यात आलं. असा रिवाज सगळीकडे नाही. जिथे नाही तिथे माझ्यासारखीचं काय होत असेल हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

बायोप्सीबद्दल माझी तक्रार नाही. १९९१ साली कॅनडात बॅन्फ इथे तज्ज्ञ जमले आणि त्यातून जे वर्गीकरण उभं राहिलं त्यामुळे जगभरचे पॅथॉलॉजिस्ट एका भाषेत बोलू लागले. पण बायोप्सी म्हणजे सुई. रक्तस्राव होऊ शकतो, दर महिन्याला ती करता येत नाही, आणि नमुना पुरेसा मानायला त्यात किमान दहा ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे सूक्ष्म गुच्छ) आणि दोन धमन्या हव्यात एवढीच अट आहे. एका किडनीत ग्लोमेरुलस असतात दहा लाखांच्या घरात. सुई जिथे गेली तिथलं सत्य तिने सांगितलं. शेजारी काय चाललं होतं ते नाही.

आता लघवीकडे या. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या स्वतःच्या किडन्या बहुधा जागच्या जागीच असतात पण जवळपास निकामी. म्हणजे जी लघवी येते ती मुख्यतः नव्या किडनीची, तिच्या सगळ्या भागांतून झिरपून आलेली, आणि ती रोज फुकट मिळते. रिजेक्शन सुरू झालं की प्रतिकारक पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्याने आयडीओ नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ट्रिप्टोफॅनचं कायन्युरेनिनमध्ये रूपांतर करू लागतं. या दोहोंचं गुणोत्तर बदलतं. किडनीच्या गाभ्याला इजा झाली तर ट्रायमेथिलअमाइन-एन-ऑक्साइडची पातळी हलते. नलिकांच्या पेशींना ऊर्जा पुरेनाशी झाली की सिट्रेट आणि लॅक्टेट बोलू लागतात. थंड पेटीत ठेवलेल्या किडनीला परत रक्त मिळाल्यावर तिच्यातून हायपोझँथिन पाझरत राहिलं तर पेशींची ऊर्जा सावरलेली नाही, हे दिसतं. ही कोणा एका रेणूची जादू नाही. अनेक रेणू एकत्र वाचावे लागतात.

आणि हे कालपरवाचं नाही. माझी पहिली तक्रार नेमकी हीच. एनएमआर यंत्रावर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंचे संकेत टिपून ते ओळखणारं यंत्र) प्रत्यारोपित रुग्णांची लघवी तपासून किडनीचं बिघडलेलं काम ओळखता येतं का, याचे निबंध १९९३ सालीच प्रसिद्ध झाले होते. २०१४ मध्ये लहान मुलांच्या लघवीवरून टी-पेशी या प्रतिकारक पेशींमुळे होणारं रिजेक्शन ओळखण्याचं काम कॅनडातून आलं. लहान मुलाला बायोप्सीसाठी झोपवणं काय असतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या कामाचं मोल सांगायला नको. २०१६ मध्ये न्यूयॉर्क आणि कतारमधल्या शास्त्रज्ञांनी २४१ रुग्णांचे १,५१६ नमुने तपासले आणि ३-सायलिललॅक्टोज आणि झँथोसिन या दोन रेणूंचं गुणोत्तर रिजेक्शनचा माग काढतं असं दाखवलं. जर्मनीत एनएमआरने क्रिएटिनिन, व्हॅलिन आणि मायो-इनोसिटॉल मोजून, सिस्टॅटिन-सी, वय आणि लिंग यांची जोड देऊन गाळणदर काढण्याचं सूत्र तयार झालं. एवढं सगळं हाताशी असताना माझ्या ओपीडीच्या कागदावर अजून क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि टॅक्रोलिमस हे तेच तीन आकडे असतात. पहिल्या निबंधापासून तीस वर्षं उलटली तरी घोंगडं भिजतंच आहे.

यावर आपलं उत्तर मला पाठ आहे: ‘अजून सिद्ध झालेलं नाही.’ बरोबर आहे. पण सिद्ध करायचं कोणी? दुसरी तक्रार ती. नमुने आपल्याकडे, बायोप्सीचे निकाल आपल्याकडे, पाच-दहा वर्षांनी किडनीचं काय झालं याची नोंद आपल्याकडे. या तिन्हींची गाठ घातल्याशिवाय काहीच सिद्ध होणार नाही, आणि ती गाठ घालणं रुग्णाच्या हातात नाही. पुरावा गोळा करण्याचं साधन फ्रीझरमधून काढून टाकायचं आणि मग पुरावा नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

तिसरी तक्रार संशोधकांकडे वळते, आणि इथे लॅबवाली म्हणून जरा जास्त बोलेन. बरेच अभ्यास पन्नास-साठ रुग्णांवर उरकलेले असतात. रेणू मोजलेले शेकडो, माणसं मूठभर. अशा वेळी संगणकाला काहीतरी आकृतिबंध सापडतोच. तो त्या पन्नास जणांना तोंडपाठ करतो आणि एक्कावन्नाव्या माणसापुढे गप्प होतो. दुसऱ्या केंद्रातल्या रुग्णांवर पडताळणी न करता ‘उत्कृष्ट अचूकता’ छापून आली की मला आनंद होत नाही, धडकी भरते. कारण तोच निष्कर्ष पुढे फसतो आणि अख्खं क्षेत्र बदनाम होतं.

त्यात नमुना हाताळण्याची तऱ्हा. लघवीची बाटली दुपारभर खोलीतल्या तापमानाला पडून राहिली की जंतू वाढतात, अ‍ॅसिटेट चढतं, दुसरे रेणू खाल्ले जातात. मग यंत्र मोजतं ते किडनीचं काम की बाटलीतल्या जंतूंचं? नमुना शक्यतो दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, तळाशी बसलेल्या पेशी बाजूला करून, वरचा द्राव छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० अंशांवर गेला पाहिजे. एका नळीत सगळा भरला तर प्रत्येक तपासणीला तो वितळवावा लागतो आणि प्रत्येक वितळण्यात काहीतरी बिघडतं. मी पाहिलेल्या एका खोक्यात नळ्यांवर तारीख होती, वेळ नव्हती. नमुना घेतल्याची वेळ नाही आणि गोठवल्याचीही नाही. तो नमुना जगातल्या कितीही महागड्या मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) चढवा, उपयोग नाही.

खाण्यापिण्याचा परिणाम वेगळाच. मासे खाल्ले की ट्रायमेथिलअमाइन-एन-ऑक्साइड चढतं, फळं आणि चहाने हिप्युरेट वाढतं, पॅरासिटॅमॉल घेतली की तिचे अवशेष एनएमआरच्या आलेखात चांगले उंच शेंडे काढून बसतात. आमच्या औषधांचेही असतात. आदल्या दिवशी काय खाल्लं, कोणती गोळी कधी घेतली, एवढं विचारायला एक पानी फॉर्म पुरतो.

आणि एक गोष्ट तर हसू यावं अशी. लघवी कधी पातळ, कधी दाट, म्हणून प्रत्येक रेणू क्रिएटिनिनने भागून मांडायचा प्रघात आहे. म्हणजे ज्या आकड्यावर विश्वास नाही म्हणून हा खटाटोप, तोच पुन्हा भाजक होऊन खाली बसतो! स्टेरॉइडने स्नायू झिजलेल्या रुग्णात हा भाजकच घटलेला असतो आणि वरचे सगळे रेणू खोटेच फुगतात. ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रावातल्या विरघळलेल्या कणांचं प्रमाण, वापरा, गणिती पद्धती वापरा, त्या उपलब्ध आहेत. निदान दोन्ही प्रकारे मांडून दाखवा.

चौथी तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘बिघाड आहे की नाही’ एवढंच सांगणारी तपासणी आमच्या फार उपयोगाची नाही. बीके विषाणूने किडनीला सूज आणली तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करावी लागतात. रिजेक्शन असेल तर वाढवावी लागतात. टॅक्रोलिमसनेच किडनीला त्रास होत असेल तर तिसराच निर्णय. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गातही पेशी आणि जंतू दोन्ही लघवीत गोंधळ घालतात. चारही प्रसंगी क्रिएटिनिन वाढू शकतं आणि चारही प्रसंगी उपाय वेगळा, एकाचा दुसऱ्याला चालवला तर किडनी जाण्याचीच भीती. मेटाबोलोमिक्सकडून माझी अपेक्षा या चौघांना वेगळं ओळखण्याची आहे. पण पुष्कळशा अभ्यासांत एका बाजूला रिजेक्शनचे रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत प्रकृतीचे, अशी सोपी तुलना असते. दवाखान्यात असा सोपा प्रश्न कुणी विचारतच नाही. तिथे प्रश्न असतो की हिचं क्रिएटिनिन वाढलं आहे, आता औषध वाढवू की कमी करू? तेव्हा क्रिएटिनिन वाढलेल्या पण रिजेक्शन नसलेल्या रुग्णांशी तुलना करून दाखवा. कठीण परीक्षा द्या.

उद्यापासून बायोप्सी बंद करा, असं मी म्हणत नाही. दात्यापासून सुटलेल्या डीएनएची रक्त तपासणी, लघवीतली केमोकाइन प्रथिनं, यांच्यावरही काम चालू आहे आणि चालू राहावं. कोण जिंकतं याच्याशी मला देणंघेणं नाही. बहुधा तीन-चार तपासण्या एकत्र लावूनच उत्तर मिळेल. पण शर्यतीत एका स्पर्धकाला धावूच द्यायचं नाही आणि मग तो हरला म्हणून नोंद करायची, हे थांबावं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्यारोपण केंद्रांनी प्रत्येक बायोप्सीच्या दिवशी, सुई टोचण्याआधी, लघवीचा आणि रक्ताचा नमुना ठरलेल्या पद्धतीने घेऊन जतन करावा. बायोप्सी निर्विघ्न आणि निकाल स्वच्छ आला तरीही. स्वच्छ निकालाचे नमुने नसतील तर बिघडलेल्याची तुलना कशाशी करणार? नळीवर घेतल्याची आणि गोठवल्याची वेळ लिहावी. यासाठी नवं यंत्र लागत नाही, एक सेंट्रिफ्यूज, एक फ्रीझर आणि जबाबदारी दिलेलं एक माणूस लागतं. त्या माणसाचा पगार प्रकल्प संपला की बंद होणार नाही अशी तजवीज मात्र हवी.

निधी देणाऱ्यांनी पन्नास रुग्णांचा आणखी एक नवा अभ्यास मंजूर करण्याआधी जुन्या निष्कर्षांची दुसऱ्या केंद्रात पडताळणी करायला पैसे द्यावेत. जिथे प्रश्न गाळणदराचा आहे तिथे तुलना क्रिएटिनिनच्या सूत्राशी न करता आयोहेक्सॉलसारख्या पदार्थाने प्रत्यक्ष मोजलेल्या गाळणदराशी करावी. फसलेले अभ्यासही प्रसिद्ध व्हावेत. ‘हा रेणू चालला नाही’ ही माहितीसुद्धा आमच्याच लघवीतून निघालेली असते.

संघटनांनी नमुना घेणं, साठवणं आणि मोजणं यांची एकच लेखी पद्धत ठरवावी. दोन लॅबना एकच नमुना पाठवला तर आकडे जुळतात का, हे आम्ही ग्लुकोज आणि क्रिएटिनिनच्या बाबतीत नियमाने तपासतो. कायन्युरेनिनच्या बाबतीत तसं का होऊ नये? एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांच्या भांडणात अडकू नये. पहिलं यंत्र सातत्याने तेच उत्तर देतं, दुसरं फार कमी प्रमाणातले रेणू पकडतं. दोन्ही लागतील. शेवटी दवाखान्यात पोचेल ती पाच-सहा रेणूंचीच सुटसुटीत तपासणी असणार, आणि ती साध्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये बसली पाहिजे.

आणि आम्हा रुग्णांना कळवावं. नमुना कशासाठी घेतला, त्यातून काय निघालं, उपक्रम बंद करत असाल तर का, आणि उरलेल्या नमुन्यांचं काय करणार. नष्ट करण्याआधी ते दुसऱ्या केंद्राला देता येतील का, हा प्रश्न संमतिपत्रावरच विचारून ठेवावा. मी तरी ‘हो’ वर खूण केली असती. किडनी देणाऱ्यांनाही कळवावं. माझ्या बहिणीला तिच्या दुसऱ्या किडनीची खुशाली विचारायला वर्षातून एकदा बोलावतात, पण दिलेल्या किडनीचं काय चाललं आहे हे तिला माझ्याकडूनच कळतं. आणि मी तिला सांगणार काय, तर १.२.

आपल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि नमुन्यांबाबतचा निर्णय, होकार असो वा नकार, कारणांसह जाहीर करावा अशी विनंती आहे. पद्धत ठरवणाऱ्या समितीत लॅबमधलं एक माणूस आणि एक रुग्ण असावा. दोन्ही जागांसाठी माझी तयारी आहे.

आपली,
एक प्रत्यारोपित रुग्ण आणि लॅब तंत्रज्ञ